सिलिॲक आजारात ओट्स चालतात का?

थोडक्यात

- शुद्ध ओट्स सिलिॲक आजाराच्या बहुतेक रुग्णांना चालतात. बाजारातील साध्या पाकिटातले ओट्स मात्र शुद्ध नसतात, त्यात गहू किंवा जव मिसळलेला असू शकतो.
- पाकिटावर ‘ग्लुटेन फ्री’ असे स्पष्ट लिहिलेले असेल तरच ओट्स घ्या.
- निदान झाल्याबरोबर ओट्स सुरू करू नका. आधी त्रास थांबू द्या, रक्ताचा रिपोर्ट सुधारू द्या.
- थोड्या रुग्णांना शुद्ध ओट्सचाही त्रास होतो. म्हणून ओट्स सुरू केल्यावर तपासणी हवीच.
- ओट्स खाल्लेच पाहिजेत असे नाही. ज्वारी, बाजरी, तांदूळ, नाचणी आणि डाळी यांवर उत्तम आहार होतो. फक्त पीठ कुठे दळले जाते याकडे लक्ष द्या.

नशिराबादला माझ्याकडे नऊ वर्षांच्या एका मुलीला तिचे आई-वडील घेऊन आले होते. वर्षभरापूर्वी तिला सिलिॲक आजाराचे निदान झाले होते. घरात तिच्यासाठी पोळी बंद, बिस्किटे बंद, पाव बंद. तरीही मुलीचे वजन वाढत नव्हते, हिमोग्लोबिन ९ च्या आसपास अडकले होते आणि रक्तातील अँटिबॉडीचा आकडा अजून चढाच होता. आई रडकुंडीला आली होती. “डॉक्टर, गव्हाचा एक कण तिच्या तोंडात जाऊ देत नाही हो मी,” ती म्हणाली.

मी तिला सकाळपासून रात्रीपर्यंत मुलगी काय काय खाते ते सांगायला लावले. नाश्त्याला रोज ओट्स. ‘ओट्समध्ये ग्लुटेन नसते’ असे कुणीतरी सांगितले होते, म्हणून किराणा दुकानातून साधे मसाला ओट्स आणले जात होते. दुपारी ज्वारीची भाकरी, पण ज्वारी दळली जात होती गावच्या चक्कीवर, गव्हाच्या मागोमाग. आई खोटे बोलत नव्हती. गहू तिच्या नजरेआड घरात येत होता.

ओट्सबद्दलचा प्रश्न मला आता वरचेवर विचारला जातो. त्याचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढ्यात संपत नाही, म्हणून हा लेख.

सिलिॲक आजार म्हणजे काय?

आपल्याकडे याला सरसकट ‘गव्हाची ॲलर्जी’ म्हणतात, पण ही ॲलर्जी नाही. गहू, जव आणि राय या धान्यांमध्ये ग्लुटेन नावाची प्रथिने असतात. कणीक मळल्यावर तिला जो चिवटपणा येतो तो ग्लुटेनमुळेच. सिलिॲक आजारात शरीराची प्रतिकारशक्ती ग्लुटेनला शत्रू समजते आणि त्या लढाईत स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करते. आतड्याच्या आतील बाजूला अन्नरस शोषून घेणारे बारीक, केसांसारखे उंचवटे असतात. ते झिजून सपाट होतात. मग कितीही खाल्ले तरी लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्वे अंगी लागत नाहीत.

लक्षणे प्रत्येकात वेगळी असतात. कुणाला वारंवार जुलाब, पोटफुगी, वजन घटणे. कुणाला पोटाचा काहीच त्रास नाही, पण लोहाच्या गोळ्या घेऊनही रक्त वाढत नाही. कुणा मुलाची उंची वाढत नाही, कुणाला तोंड येते, कुणाची हाडे ठिसूळ होतात. टाइप १ मधुमेह किंवा थायरॉइडचा स्वयंप्रतिकार आजार असलेल्यांमध्ये आणि रुग्णाच्या सख्ख्या नातेवाइकांमध्ये हा आजार जास्त आढळतो.

दिल्ली परिसरातील वस्त्यांमध्ये झालेल्या पाहणीत साधारण दर ९६ लोकांमागे एकाला हा आजार आढळला. दक्षिण भारतात हे प्रमाण बरेच कमी दिसले. आपल्याकडे भाकरीबरोबर पोळीही रोज खाल्ली जाते, त्यामुळे हा आजार ‘उत्तरेकडचा’ म्हणून सोडून देता येत नाही.

उपचार एकच आहे: आयुष्यभर ग्लुटेनमुक्त आहार. आतडे बरे करणारी गोळी आज उपलब्ध नाही. म्हणूनच आहारातील लहानशी चूकही महाग पडते.

ओट्समध्ये ग्लुटेन असते का?

ओट्समध्ये गव्हातले ग्लुटेन नसते. त्यात ॲव्हेनिन नावाचे वेगळे प्रथिन असते. ते गव्हाच्या प्रथिनाचे लांबचे नातेवाईक म्हणता येईल, आणि त्याचे प्रमाणही कमी असते.

यावरून डॉक्टरांमध्येही अनेक वर्षे मतभेद होते. विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आणि त्यानंतर आजारी मुलांच्या आहाराचा अभ्यास करून गहू हेच या आजाराचे मूळ असल्याचे दाखवले. १९५० मध्ये त्यांनी आपला प्रबंध सादर केला. त्या काळच्या वर्ज्य धान्यांच्या यादीत ओट्सही होते, आणि पुढची अनेक दशके रुग्णांना ओट्स बंदच राहिले.

१९९५ मध्ये फिनलंडमधील डॉक्टरांनी सिलिॲक आजाराच्या ९२ प्रौढ रुग्णांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. ग्लुटेनमुक्त आहारावरील काही रुग्णांना रोज ५० ते ७० ग्रॅम ओट्स खायला सांगितले होते, बाकीच्यांना नाही. ६ ते १२ महिन्यांनी आतड्याचे तुकडे तपासले, तेव्हा दोन्ही गटांत फरक दिसला नाही. त्यानंतरच्या अभ्यासांमधूनही साधारण हेच दिसत आले: शुद्ध ओट्स बहुतेकांना चालतात, मोजक्या रुग्णांना चालत नाहीत. कुणाला चालणार नाहीत हे आधी सांगणारी तपासणी रोजच्या वापरात नाही.

देशोदेशीचे नियमही वेगवेगळे आहेत. कॅनडाने २०१५ पासून खास काळजी घेऊन पिकवलेल्या ओट्सवर ‘ग्लुटेन फ्री’ लिहायला परवानगी दिली. ऑस्ट्रेलियात मात्र कोणत्याही ओट्सवर तसे लिहिता येत नाही. परदेशातील नातेवाईक वेगळे काही सांगत असतील, तर त्याचे कारण हे आहे.

खरी अडचण: ओट्समध्ये मिसळलेला गहू

ओट्स ज्या शेतात पिकतात त्याच शेतात आदल्या हंगामात गहू किंवा जव असतो. कापणीचे यंत्र तेच, ट्रक तोच, गोदाम तेच, गिरणीही तीच. जवाचा दाणा तर ओट्सच्या दाण्यासारखाच दिसतो, त्यामुळे चाळून-निवडूनही पूर्ण वेगळा होत नाही.

अमेरिकेत २००४ मध्ये तीन कंपन्यांच्या ओट्सची प्रत्येकी चार, अशी १२ पाकिटे तपासली गेली. त्यांपैकी ९ पाकिटांत ग्लुटेन दर किलोला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त निघाले. सर्वांत वाईट पाकिटात ते १८०७ मिलिग्रॅम होते. लक्षात घेण्यासारखी गोष्ट म्हणजे एकाच कंपनीचे एक पाकीट स्वच्छ आणि दुसरे दूषित निघाले. म्हणून ‘मागच्या पाकिटाने काही झाले नाही’ हा भरवसा कामाचा नाही.

हे आकडे रोजच्या भाषेत पाहू. एका मध्यम पोळीला साधारण ३० ग्रॅम कणीक लागते. तिच्यात अंदाजे ३००० मिलिग्रॅम ग्लुटेन असते. दिवसाला १० मिलिग्रॅमपर्यंत ग्लुटेन बहुतेक रुग्णांना सोसते असे मानतात. म्हणजे एका पोळीचे तीनशे तुकडे केले तर त्यातला एक तुकडा. इटलीतील २००७ च्या अभ्यासात रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने दिल्यावर रुग्णांच्या आतड्याला इजा झालेली दिसली. हा झाला पोळीचा साठावा भाग.

आता ५० ग्रॅम ओट्सचा नाश्ता घ्या. दर किलोला २० मिलिग्रॅमच्या आतले ओट्स असतील तर पोटात जास्तीत जास्त १ मिलिग्रॅम ग्लुटेन जाते. वरच्या त्या वाईट पाकिटातले असतील तर ९० मिलिग्रॅम. ताटलीत दोन्ही सारखेच दिसतात आणि चवही सारखीच लागते.

पाकीट घेताना काय पाहावे?

१. ‘ग्लुटेन फ्री’ हे शब्द. भारतातील अन्नसुरक्षा नियमांनुसार ग्लुटेन फ्री पदार्थात दर किलोला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असता कामा नये. ‘लो ग्लुटेन’ म्हणजे ग्लुटेन फ्री नव्हे. ते सिलिॲकच्या रुग्णासाठी नाही.

२. ‘१०० टक्के ओट्स’, ‘होल ग्रेन’, ‘नॅचरल’ या शब्दांवर जाऊ नका. त्यांचा ग्लुटेनशी संबंध नाही.

३. ॲलर्जीची सूचना वाचा. आपल्या नियमांत ओट्सची गणना ग्लुटेन असलेल्या धान्यांच्या यादीतच होते, त्यामुळे पाकिटावर ओट्सचा उल्लेख ठळक असतो. त्याबरोबर ‘गहू असू शकतो’ अशा अर्थाची ओळ असेल तर ते पाकीट ठेवून द्या.

४. मसाला ओट्स, म्युसली, ओट्सची बिस्किटे टाळा. मसाल्यात गव्हाचे पदार्थ किंवा जवाचा माल्ट असू शकतो. ‘ओट्स बिस्किटां’मध्ये बहुतेक वेळा मैदाच जास्त असतो.

५. सुटे ओट्स कधीही घेऊ नका. एकाच मापट्याने दुकानात रवाही काढला जातो.

ग्लुटेन फ्री ओट्स साध्या ओट्सपेक्षा बरेच महाग पडतात आणि लहान गावात सहसा मिळत नाहीत. परवडत नसतील तर मनाला लावून घेऊ नका आणि त्यांच्या जागी साधे ओट्स आणू नका. ओट्सविना काहीही अडत नाही.

ओट्स कधी आणि कसे सुरू करावेत?

आधी या तीन गोष्टी पूर्ण झाल्या पाहिजेत:

- कडक ग्लुटेनमुक्त आहाराला निदान ६ महिने, शक्य तर वर्ष झाले आहे.
- जुलाब, पोटफुगी थांबली आहे. वजन आणि हिमोग्लोबिन वाढते आहे. मुलांची उंची पुन्हा वाढू लागली आहे.
- रक्तातील टीटीजी-आयजीए अँटिबॉडी सामान्य झाली आहे किंवा स्पष्टपणे उतरते आहे.

त्यानंतर आपल्या पोटविकारतज्ज्ञांना किंवा बालरोगतज्ज्ञांना विचारून असे करा:

- एकाच कंपनीचे ग्लुटेन फ्री ओट्स निवडा. त्या काळात दुसरा कोणताही नवा पदार्थ सुरू करू नका.
- पहिला आठवडा दिवसाआड दोन चमचे ओट्स पाण्यात किंवा दुधात शिजवून घ्या.
- हळूहळू वाढवा. प्रौढांनी दिवसाला ५० ते ७० ग्रॅम आणि मुलांनी २० ते २५ ग्रॅम कोरड्या ओट्सच्या पुढे जाऊ नये.
- कधी सुरू केले, किती खाल्ले, काय वाटले हे वहीत लिहून ठेवा.
- ३ ते ६ महिन्यांनी टीटीजी-आयजीए पुन्हा तपासून घ्या. त्रास नसला तरीही. आतड्याची इजा नेहमी दुखून सांगत नाही.

ओट्स खाल्ल्यावर पोट फुगले तर?

ओट्समध्ये तंतू भरपूर असतात. पहिल्या काही दिवसांत थोडा गॅस होणे स्वाभाविक आहे. प्रमाण कमी केल्यावर तो आठवड्या-दोन आठवड्यांत जातो. पण जुलाब, पोटदुखी, उलट्या, तोंड येणे, थकवा किंवा वजन घटणे सुरू झाले, तर ओट्स लगेच बंद करा आणि डॉक्टरांना दाखवा. ओट्स बंद केल्यावर बरे वाटले तर दोन शक्यता राहतात: पाकीट दूषित होते किंवा तुमच्या शरीराला ॲव्हेनिन चालत नाही. दोन्ही बाबतींत स्वतःहून पुन्हा प्रयोग करू नका.

ओट्स नसले तर काय खावे?

इथे खान्देशातील घरे नशीबवान आहेत. दादरची भाकरी, बाजरीची भाकरी, ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी, वांग्याचे भरीत, डाळीचे फुनके, बेसनाच्या पाटोड्या, भात, वरण, ठेचा, शेंगदाणे, केळी, दूध, अंडी. यातला एकही पदार्थ मुळात ग्लुटेनचा नाही. ज्वारीवर प्रयोगशाळेत आणि प्रत्यक्ष रुग्णांवरही अभ्यास झाले आहेत, आणि ती सिलिॲकच्या रुग्णांसाठी सुरक्षित ठरली आहे. ओट्समधून जे तंतू मिळतात ते ज्वारी, बाजरी आणि डाळींतूनही मिळतात. भगर, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा ही उपवासाची सामग्रीही मुळात ग्लुटेनमुक्त आहे.

टाळायचे पदार्थही आपल्याच पानातले आहेत: पोळी, बट्टी, मांडे, दराबा, सांजोरी, शेवया, रव्याचा शिरा, दलिया, पाव, खारी, टोस्ट. कुरडई गव्हाच्या चिकाची असते, तीही नको. सातूच्या पिठात जव किंवा गहू असतो. बिबडे ज्वारीचे असले तरी विकत घेताना त्यात दुसरे पीठ मिसळले आहे का ते विचारा.

चक्कीकडे लक्ष द्या

ओट्सची जी गोष्ट, तीच भाकरीच्या पिठाची. गावच्या चक्कीवर गव्हानंतर ज्वारी टाकली की जात्याच्या पाळूत आणि पन्हाळीत राहिलेले गव्हाचे पीठ तुमच्या डब्यात येते. गव्हाचे पीठ हवेतही उडत असते. घरी कितीही काळजी घेतली तरी इथे ती वाया जाते.

- सर्वांत चांगला उपाय म्हणजे घरघंटी. तिच्यात गहू कधीही दळू नका. दोन-तीन रुग्णांची घरे मिळून एक घेऊ शकतात.
- ज्वारी, बाजरी, डाळ दळण्याआधी सुपात नीट निवडा. गव्हाचा दाणा डोळ्यांना दिसतो, पिठात तो दिसत नाही. मग धान्य धुऊन, कडक वाळवून दळा. वाळवण गव्हापासून दूर घाला.
- घरघंटी शक्य नसेल तर फक्त ज्वारी-बाजरी किंवा तांदूळ दळणारी चक्की शोधा.
- तेही नसेल तर चक्की झाडून घेऊन सकाळचे पहिले दळण तुमचे ठेवा आणि सुरुवातीचे किलो-दोन किलो पीठ घरातील इतरांसाठी वेगळे काढा. याने धोका कमी होतो, संपत नाही.
- बेसन, तांदळाचे पीठ आणि उपवासाची भाजणी यांनाही हेच नियम.

घरात रुग्णाचा पोळपाट, लाटणे, कणकेची परात, चाळणी वेगळी ठेवा. लोखंडी तवाही वेगळा असलेला बरा. स्टीलची भांडी नीट घासली की पुरते. ज्या तेलात पुऱ्या किंवा मैद्याच्या शंकरपाळ्या तळल्या त्या तेलात रुग्णाचे काही तळू नका.

आणखी तीन गोष्टी नजरेतून सुटतात. बांधणीच्या हिंगात अनेकदा मैदा असतो, म्हणून पाकीट वाचून तांदळाच्या पिठातला किंवा शुद्ध हिंग घ्या. अशक्त मुलाला ‘ताकदीसाठी’ दुधातून दिली जाणारी माल्टची पावडर जवापासून बनते. आणि फरसाणाच्या दुकानातील शेव बेसनाची असली तरी शेजारच्याच कढईत मैद्याचे पदार्थ तळले जातात.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*ओट्स धुऊन किंवा भाजून घेतले तर चालतील का?*
नाही. धुण्याने, भाजण्याने किंवा उकळण्याने ग्लुटेन नाहीसे होत नाही.

*महिन्यातून एकदाच साधे ओट्स खाल्ले तर?*
एकदा खाल्लेल्या ग्लुटेननेही प्रतिकारशक्ती पुन्हा चाळवते. ग्लुटेन फ्री ओट्स नसतील तर त्या दिवशी पोहे खा.

*मुलाला सिलिॲक असावा अशी शंका आहे. आजपासूनच गहू बंद करू का?*
थांबा. रक्ताची तपासणी आणि गरज असल्यास एंडोस्कोपीतून आतड्याचा तुकडा तपासणे हे गहू खाणे चालू असतानाच करावे लागते. आधीच गहू बंद केला तर रिपोर्ट खोटा ‘सामान्य’ येऊ शकतो.

*घरातील सर्वांनी गहू सोडायला हवा का?*
गरज नाही. ग्लुटेन पोटात गेल्यानेच त्रास होतो, शेजारी बसून कुणी पोळी खाल्ल्याने नाही. पण आधी रुग्णाची भाकरी करा आणि नंतर पोळ्या. पोळ्या आधी झाल्या असतील तर ओटा पुसून, हात धुऊन भाकरीला लागा.

*लग्नाच्या पंगतीत काय करावे?*
घरून डबा न्या. यजमानांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे आग्रह होत नाही. भात-वरण घ्यायचे तर फोडणीत कोणता हिंग आहे ते विचारा.

डॉक्टरांना कधी भेटावे?

काटेकोर आहार असूनही त्रास परत आला, वजन घटू लागले, रक्त वाढत नसेल, मुलाची उंची अडली असेल किंवा अँटिबॉडी वर्षभरानंतरही चढी असेल, तर वाट पाहू नका. येताना आठवड्याभराच्या जेवणाची यादी आणि घरातील पाकिटांचे फोटो आणा. गोळ्या-औषधांची यादीही आणा, कारण काही गोळ्यांतील स्टार्च गव्हाचा असू शकतो.

सुरुवातीला सांगितलेल्या मुलीच्या घरी आम्ही कोणतेही नवे औषध दिले नाही. साधे ओट्स बंद केले, माल्टची पावडर बंद केली आणि काकांच्या घरची घरघंटी फक्त तिच्या ज्वारी-बाजरीसाठी ठेवली. लोहाचे औषध जे चालू होते तेच चालू ठेवले. सहा महिन्यांनी अँटिबॉडी निम्म्याहून खाली आली, हिमोग्लोबिन ११ झाले आणि वजन सव्वादोन किलोने वाढले. ओट्स अजून सुरू केलेले नाहीत. रिपोर्ट पूर्ण सामान्य झाल्यावर हवे तर करू. तिला विचाराल तर ती म्हणते, कळण्याची भाकरी आणि भरीतच बरे.

*हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. आहारात बदल करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.*